रॅमचा वेग पुन्हा पुन्हा २१३३ वर का घसरतो? आधी 'केव्हा' घसरतो ते बघा

प्रोसेसर चांगला, रॅमच्या पट्टीवर ३२०० छापलेलं, मदरबोर्डही फार जुना नाही. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला छापलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग) चालू केलं की काही दिवस मशीन छान पळतं. मग एका सकाळी पुन्हा सगळं रखडायला लागतं आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग २१३३ दिसतो. पुन्हा बायोस, पुन्हा एक्सएमपी, पुन्हा तेच. इंदूरमध्ये अल्बम डिझायनिंग, डीटीपी, ऑटोकॅड अशी कामं असेंबल केलेल्या पीसीवर करणारे बरेच मराठी लोक मला ओळखीतून विचारतात, आणि त्यांच्याकडून सगळ्यात जास्त ऐकू येते ती हीच तक्रार. बहुतेकांना कुणीतरी "आता नवा प्रोसेसर टाका" असा सल्ला आधीच दिलेला असतो.

तो खर्च थोडा थांबवा. २०२५ च्या शेवटाकडे रॅमचे भाव भडकले, त्यामुळे हाताशी असलेली रॅम पूर्ण वेगाने चालवण्यात जास्तच अर्थ आहे. आणि या तक्रारीचं मूळ प्रोसेसरमध्ये क्वचितच असतं. बोर्ड आणि रॅम यांचं कुठेतरी जमत नसतं. कुठे, ते शोधायला सगळ्यात उपयोगी प्रश्न एकच आहे: वेग नेमका केव्हा पडतो? रात्री मेन स्विच बंद केल्यावर, लाइट गेल्यावर, नवी पट्टी टाकल्यावर, बायोस अपडेट केल्यावर, की काम ऐन रंगात आल्यावर? प्रत्येक उत्तराचं कारण निराळं, उपायही निराळा.

आधी आकडे नीट वाचा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथे दोन गोष्टी बघायच्या: स्पीड आणि 'स्लॉट्स यूज्ड'. दुसरीकडे लोकांचं लक्षच जात नाही. 'स्लॉट्स यूज्ड' समोर १ असेल तर रॅम सिंगल चॅनेलवर, म्हणजे दोनऐवजी (ड्युअल) एकाच मार्गाने चालली आहे, आणि वेगाचा आकडा कितीही छान दिसला तरी अर्धा रस्ता बंद आहे.

मग सीपीयू-झेड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाका. त्याच्या मेमरी टॅबमध्ये डीरॅम फ्रिक्वेन्सी निम्मी दिसते. ३२०० ची रॅम तिथे १६०० च्या आसपास दिसली म्हणजे सगळं ठीक आहे, घाबरू नका. १०६६ दिसलं तर ती २१३३ वर बसलेली आहे. रॅम डीडीआर५, म्हणजे डीडीआर४ नंतरच्या पिढीची असेल तर अजून एक फसगत होते. डीडीआर५ च्या प्रत्येक पट्टीत ३२ बिटांचे दोन उपचॅनेल असतात, त्यामुळे एकच पट्टी असतानाही तिथे 'दोन गुणिले ३२ बिट' लिहिलेलं दिसतं आणि लोक तेच ड्युअल चॅनेल समजतात. दोन पट्ट्या नीट लागल्या असतील तर तिथे चार गुणिले ३२ दिसायला हवं.

फरक किती पडतो? डीडीआर४ ची एक पट्टी २१३३ वर चालली तर सेकंदाला जास्तीत जास्त १७ जीबी माहिती ये-जा करू शकते. ३२०० च्या दोन पट्ट्या ड्युअल चॅनेलमध्ये असतील तर हाच आकडा ५१.२ जीबी होतो. तिप्पट. टॅलीत किंवा वर्डमध्ये हा फरक जाणवणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मोठ्या फायली झिप करणं, गेम, व्हिडिओ एडिटिंग यांत तो दिसतो. आणि ज्यांच्याकडे रायझन ५ ५६००जी सारखा, ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर आहे त्यांना तर सगळ्यात जास्त दिसतो, कारण तिथे ग्राफिक्सची वेगळी मेमरी नसतेच, ते याच रॅममधून काम भागवतात.

वेग मुळात पडू शकतो तो का

प्रत्येक पट्टीवर एसपीडी नावाची छोटी चिप असते. तिच्यात त्या रॅमचे ठरलेले वेग लिहिलेले असतात: आधी कुठल्याही बोर्डावर चालणारे सुरक्षित वेग, आणि मग कंपनीने तपासून दिलेला जास्तीचा वेग. हा जास्तीचा वेग म्हणजे एक्सएमपी. इंटेलने ही पद्धत २००७ मध्ये डीडीआर३ च्या वेळी आणली. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७००० बरोबर स्वतःची एक्स्पो आणली. काही एएमडी बोर्डांवर एक्सएमपीच डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी या नावाने सापडतं. नाव कुठलंही असो, बोर्डाच्या दृष्टीने ते ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे मूळ वेगाच्या वर चालवणं आहे. डीडीआर४ च्या पट्टीला १.२ ऐवजी साधारण १.३५ व्होल्ट द्यावे लागतात आणि तसं करायचं की नाही हे बायोसच्या सेटिंगवर ठरतं. सेटिंग पुसलं गेलं, किंवा बोर्डाला ते धोक्याचं वाटलं, की रॅम मुकाट्याने सुरक्षित वेगावर येते. विंडोज काहीच सांगत नाही. म्हणूनच 'केव्हा' हा प्रश्न महत्त्वाचा.

मेन स्विच बंद केल्यावर पडत असेल तर

टिळकनगरातल्या एक वहिनी घरूनच लग्नाचे अल्बम डिझाइन करतात. ५६००जी, बी४५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन पट्ट्या. त्यांचं म्हणणं असं: "दादा, आठवडाभर छान चालतो, सोमवारी मात्र हटकून मंद. आणि सोमवारीच ब्राउझर म्हणतो की तुमचं घड्याळ मागे आहे, साइटच उघडत नाही." वाय-फायवाल्याला दोनदा बोलावून झालं होतं. खरं तर निदान त्यांच्या वाक्यातच होतं. शनिवारी रात्री त्या भिंतीवरचं बटण बंद करून ठेवत, रविवारी पीसीला हात लावत नसत.

बोर्डावर एक बटन सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. प्लग चालू असेपर्यंत, पीसी बंद असला तरी, एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बोर्डाला थोडी वीज देत राहतो आणि सेलवर भार येत नाही. भिंतीवरचं बटण बंद केलं की तारीख, वेळ आणि बऱ्याच बोर्डांवर बायोसची सेटिंग्जही सेलच्या जिवावर राहतात. सेल दमलेला असेल तर घड्याळ मागे पडतं आणि एक्सएमपीही जातं. दोन्ही एकदम गेलं तर दुसरं काही शोधत बसू नका. घड्याळ मागे गेल्यावर सुरक्षित साइट्सची प्रमाणपत्रं ब्राउझरला चुकीच्या तारखेची वाटतात, म्हणून साइट उघडत नाहीत. इंटरनेटचा तिथे काही दोष नसतो.

वहिनींच्या बोर्डावरचा सेल मल्टिमीटरवर २.६ व्होल्ट दाखवत होता. २.७-२.८ च्या खाली गेला की बदललेलाच बरा. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. पीसीची वायर काढा, सेलची बाजूची क्लिप नखाने हलकेच दाबा, सेल आपोआप वर उचलला जातो. नवा बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर. बऱ्याच बोर्डांवर तो ग्राफिक्स कार्डाच्या खाली लपलेला असतो, तेव्हा आधी कार्ड काढावं लागतं. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन तारीख, वेळ, एक्सएमपी, आणि बूटचा क्रम पुन्हा लावा. सेल बदलल्यावर सगळं मूळ सेटिंगवर येतं, हे लक्षात नसल्यामुळे "सेल बदलूनही फरक नाही" असं वाटणारे खूप भेटतात.

लाइट गेल्यावर पडत असेल तर

घड्याळ बरोबर आहे, पण लाइट जाऊन आली की वेग पडतो. पावसाळ्याच्या तोंडावर, फांद्या छाटायला किंवा तारा बघायला फीडर बंद होतो त्या दिवसांत हे जास्त होतं. इथे सेलचा संबंध नाही. पीसी चालू होत असताना, म्हणजे बोर्ड रॅम तपासत असतानाच वीज तुटली, तर पुष्कळ बोर्ड "मागचं चालू होणं फसलं, दोष ओव्हरक्लॉकचा असणार" असा निष्कर्ष काढतात आणि स्वतःच सुरक्षित वेगावर जातात. काही बोर्ड पुढच्या वेळी 'ओव्हरक्लॉकिंग फेल्ड' किंवा 'एंटर सेटअप'सारखी ओळ दाखवतात आणि एफ१ दाबायला सांगतात. लोक घाईत एफ१ दाबून पुढे जातात, आणि तिथेच एक्सएमपी गमावतात.

यावर खरा उपाय यूपीएस. तो घेणं शक्य नसेल तर बायोसमध्ये 'एसी पॉवर लॉस' नावाचं सेटिंग शोधा आणि ते 'पॉवर ऑफ' वर ठेवा, म्हणजे लाइट आल्या आल्या पीसी आपोआप उठणार नाही आणि लाइटच्या लपंडावात अर्धवट बूट होणार नाही. लाइट स्थिर झाली की मग स्वतः चालू करा.

आता माझं एक स्पष्ट मत. ज्यांच्या भागात लाइट वारंवार जाते आणि ज्यांना बायोसमध्ये डोकं घालायचं नाही, त्यांनी एक्सएमपीवाली रंगीत रॅम घेऊच नये. साधी, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारं धातूचं आवरण) नसलेली, ३२०० सीएल२२ ची रॅम मिळते. सीएल म्हणजे प्रतिसादाच्या उशिराचा आकडा. तिचा ३२०० हाच मूळ, सुरक्षित वेग असतो, तोही १.२ व्होल्टवर. बोर्डाने सगळी सेटिंग्ज विसरली तरी ती २१३३ वर येत नाही, फक्त बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही ३२०० पेलणारे हवेत. तोटा एवढाच की प्रतिसादाला थोडा जास्त वेळ लागतो: ३२०० सीएल१६ ला हा वेळ १० नॅनोसेकंद येतो, सीएल२२ ला १३.७५. हिशेब सोपा आहे, सीएलच्या आकड्याला २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा. रोज ३२०० वर चालणारी सीएल२२ ही निम्मे दिवस २१३३ वर रांगणाऱ्या सीएल१६ पेक्षा केव्हाही चांगली. डीडीआर५ मध्ये ५६०० सीएल४६ च्या साध्या पट्ट्यांना हेच लागू होतं.

नवी पट्टी टाकल्यापासून पडला असेल तर

"आधी १६ ची एक घ्या, पुढे अजून एक टाकू" हा सल्ला खूप दिला जातो आणि ऐकायला पटतोही. पण वर्ष-दीड वर्षाने तीच पट्टी मिळत नाही. नाव तेच असलं तरी आतल्या चिप बदललेल्या असतात. दोन निराळ्या पट्ट्या लावल्या की बोर्ड दोघींना झेपेल असा सामाईक वेग शोधतो, आणि तो बहुतेकदा खालचाच असतो. पट्टीवरचं लेबल वाचायची सवय लावा: पीसी४-२५६०० म्हणजे ३२००, पीसी४-२१३०० म्हणजे २६६६. सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबमध्ये एकेक स्लॉट निवडून दोन्ही पट्ट्यांचे रकाने शेजारी ताडून बघा. एकीला एक्सएमपीचा रकाना आहे आणि दुसरीला नाही, असं दिसलं की कारण सापडलं.

पट्ट्या सारख्या आहेत तरी वेग धरत नाही? मग स्लॉट बघा. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात. बोर्डावर बारीक अक्षरांत ए२, बी२ लिहिलेलं असतं. लागोपाठ पहिल्या-दुसऱ्यात लावल्या तर सिंगल चॅनेल. पहिल्या-तिसऱ्यात लावल्या तर ड्युअल होतं, पण बहुतेक बोर्डांवर जास्त वेग तिथे डळमळतो.

चारही स्लॉट भरण्याचा मोह डीडीआर५ वर टाळाच. रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत वेग दोन पट्ट्यांना ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन घ्या.

पट्टी काढल्यावर तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासायची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने कधी कधी पीसी चालूही होतो, पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, दर वेळी घासला तर उडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड वापरा, आणि स्लॉटमधली धूळ ब्लोअरने काढा.

बायोस अपडेटनंतर

इथे फार सांगण्यासारखं नाही. बायोस अपडेट झाला की सेटिंग्ज मूळपदावर येतात, एक्सएमपी पुन्हा लावायचं. फक्त अपडेट यूपीएसशिवाय करू नका. मध्येच लाइट गेली तर बोर्ड उठणार नाही, आणि फ्लॅशबॅकचं, म्हणजे बंद पडलेल्या बोर्डावरही पेनड्राइव्हवरून बायोस टाकू देणारं बटण नसलेल्या बोर्डाला मग दुकानच गाठावं लागतं.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा वरच्या वर्गातला प्रोसेसर असेल तर मात्र अपडेट टाळू नका. त्यांच्यात व्होल्टेजमुळे प्रोसेसरच खराब होण्याचा दोष निघाला होता, त्यावर इंटेलने २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि नंतर ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे अपडेट) दिले आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. या दोषाने पीसी बंद पडतो तेव्हा लक्षणं हुबेहूब खराब रॅमसारखी दिसतात. लोक रॅम बदलत राहतात आणि दुखणं तिथेच राहतं.

एक्स्पो चालू केलं आणि स्क्रीन काळा

एएम५ बोर्डावर (रायझन ७००० आणि पुढचे) सेटिंग बदलल्यानंतरच्या पहिल्या बूटला बोर्ड रॅमशी जुळवून घेतो. त्याला काही मिनिटं लागू शकतात. पंखे फिरतात, स्क्रीनवर काही नाही. लोक घाबरून बटण दाबतात, बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, आणि दोन-तीनदा असं झालं की हार मानून मूळ वेगावर येतो. पंधरा मिनिटं तरी हात लावू नका.

काम रंगात आल्यावर मंद होत असेल तर

हे दुखणं निराळं आहे. रॅमचा वेग बरोबर, ड्युअल चॅनेल बरोबर, रेंडर सुरू होतो तेव्हा पीसी झकास, आणि थोड्या वेळाने प्रोसेसरचा वेग एकदम खाली. इथे संशय बोर्डाच्या व्हीआरएमवर घ्यायचा, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर. आय७-१२७०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण टर्बोमध्ये, म्हणजे जास्तीच्या वेगात पळताना तो १८० वॅटपर्यंत खेचतो. आय५-१२४०० चा हाच आकडा ११७ आहे. स्वस्तातल्या एच६१० बोर्डांपैकी बऱ्याच बोर्डांच्या व्हीआरएमवर हीटसिंकच नसतो. इंदूरचा मे महिना, पारा चाळिशीपार, खोलीत एसी नाही, कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात कोंबलेलं: असा बोर्ड १८० वॅट किती वेळ पुरवणार? तो स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कापतो.

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून रेंडर लावा. प्रोसेसरचं तापमान ठीक असताना वेग पडतोय आणि वेग कापण्याच्या कारणांत 'व्हीआर थर्मल' समोर 'येस' आलंय, तर निदान पक्कं. बायोसमध्ये पीएल२ ची, म्हणजे टर्बोमध्ये खेचायच्या विजेची मर्यादा १०० वॅटच्या आसपास आणा. सुरुवातीचा जोर कमी होईल, पण वेग शेवटपर्यंत टिकेल आणि लांब रेंडर बहुधा लवकरच संपेल. शिवाय कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढा. इंटेलबरोबर येणारा साधा पंखा खाली बोर्डावर हवा फेकतो, त्याने व्हीआरएमही थोडा निवतो. लिक्विड कूलर लावला की ती हवा जाते. प्रोसेसर थंड आणि बोर्ड तापलेला, असं त्यामुळेच होतं.

वेग कधी वर गेलाच नसेल तर

कदाचित बोर्डच परवानगी देत नसेल. इंटेलच्या १०व्या पिढीत बी४६० आणि एच४१० बोर्डांवर आय५-१०४०० ला २६६६ च्या वर जाता येत नाही, रॅमवर काहीही छापलेलं असो. ती मर्यादा २०२१ मध्ये बी५६० ने काढली. एच५१० आणि एच६१० वर रॅमचं ओव्हरक्लॉकिंग आजही नाही. त्यामुळे एच६१० वर ३६०० ची महाग रॅम घेणं म्हणजे पैसे वाया. बी६६० किंवा बी७६० वर ती चालते. एएमडीकडे ए५२० वरही रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही.

नवीन घेणार असाल तर इंदूरच्या सिल्व्हर मॉलला किंवा जेल रोडला जाण्याआधी बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची रॅमची यादी, क्यूव्हीएल, उघडून बघा आणि त्यातला पार्ट नंबर लिहून न्या. दोन पट्ट्या एकाच खोक्यातल्या किटमधल्या घ्या. रायझन ७००० साठी ६००० सीएल३० हे चांगलं माप आहे. बोर्ड निवडताना दिव्यांकडे बघू नका, व्हीआरएमवरचा हीटसिंक बघा.

आणि हे सगळं करूनही एक्सएमपी टिकत नसेल, मधेच निळा स्क्रीन येत असेल, तर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाका आणि रात्रभर चालवा. विंडोजच्या स्वतःच्या मेमरी तपासणीतून बरेच दोष निसटतात. आधी एक्सएमपीवर चालवा. चुका दिसल्या तर वेग एक पायरी खाली आणा, ३२०० चा २९३३ करा, आणि पुन्हा तपासा. मूळ २१३३ वरही चुका येत असतील तर एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा आणि खराब पट्टी बाजूला काढा. लाल ओळींचा फोटो काढून ठेवा, बिलाबरोबर तो वॉरंटीला उपयोगी पडतो. किटमधली एकच पट्टी खराब निघाली तरी बऱ्याच कंपन्या दोन्ही मागतात, म्हणून दोन्ही घेऊनच जा.